सत्तावीसपैकी चार

सत्तावीसपैकी चार. एकतीस वर्षं मी तेक्कुंचिराच्या प्राथमिक शाळेत गणित शिकवलं, त्यात इतके कमी गुण फार थोड्या मुलांना पडले. ज्यांना पडले त्यांना मी कधी मारलं नाही. जवळ बसवून चिंचोके मांडून पुन्हा शिकवलं. पण मला स्वतःला असे गुण पडतील, तेही वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, घरात कोंडलेला असताना, हे काही कुंडलीत दिसलं नव्हतं.

झालं होतं असं. कोरोनाचं दुसरं वर्ष. आधी मला ताप आला, दोन दिवसांनी सौदामिनीला. आम्ही दोघंही पॉझिटिव्ह निघालो. माझा ताप साधा होता, म्हणून मला घरीच राहायला सांगितलं. सौदामिनीला मधुमेह, म्हणून तिला पंचायतीच्या उपचार केंद्रात हलवलं. हे केंद्र म्हणजे आमचीच शाळा. बाकं काढून खाटा टाकलेल्या. तिला खाट मिळाली ती चौथी 'ब'च्या वर्गात, खिडकीशी. ज्या वर्गात मी एकतीस वर्षं हजेरी घेतली त्या वर्गात माझी बायको झोपली होती, आणि मला तिथं पाऊल टाकायला बंदी होती. शाळा आमच्या घरासमोरच्या भातशेताच्या पलीकडे. ओट्यावर उभं राहिलं की कौलं दिसतात.

रुग्णवाहिकेत बसताना तिनं मला तीन गोष्टी बजावल्या. मीठ डाव्या बरणीत आहे. मांजराला मासे द्यायचे, पण काटे काढून. आणि तिन्हीसांजेला ओट्यावर समई लावायची, एक दिवसही चुकवायची नाही.

"माष, रोज विचारीन मी," ती म्हणाली. सारा गाव मला माष, म्हणजे मास्तर, म्हणतो आणि तिला चेची, म्हणजे ताई; लग्न होऊन आलेली तीही मला माषच म्हणायला लागली. आणि रोज विचारायचीही खरंच. फोनवर पहिला प्रश्न, "दिवा लावला का?" ताप किती, हे त्यानंतर. मला जरा लागायचं. देवाची काळजी नवऱ्याआधी! पण मी बोललो नाही. आजारी माणसाशी वाद घालू नये.

मी दहा चिंचोके टेबलावर मांडले होते. रोज सकाळी एक बाजूला सरकवायचा. दहा झाले की मी मोकळा. आणि दहाव्याच दिवशी, रविवारी, सौदामिनी घरी येणार होती.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, फोन आला.

"नमस्कार माष, मी बिन्सी. ओळखलंत का? चौथी 'ब', दुसरं बाक."

ओळखलं म्हणजे काय! वजाबाकीत हातचा परत द्यायला विसरणारी बिन्सी. उत्तर आलं नाही की शेजारणीचं उतरवायची, आणि मी म्हणायचो, "बिन्सी, उत्तर राहू दे, रीत दाखव." ती आता आरोग्य खात्यात समुपदेशक होती. घरी किंवा केंद्रात कोंडलेल्या रुग्णांना फोन करून त्यांचं मन कसं आहे ते विचारायचं, हे तिचं काम.

"माझं मन उत्तम आहे," मी म्हणालो. "मनाचे आजार ज्यांना वेळ असतो त्यांना होतात."

"तुम्हाला सध्या काय काम आहे, माष?"

या मुलीला वजाबाकी येत नव्हती, पण प्रश्न विचारायला ती तेव्हाही पटाईत होती.

तिनं नऊ प्रश्न विचारले. गेल्या काही दिवसांत उदास वाटलं का? झोप लागते का? प्रत्येकाला चार उत्तरं: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. माझ्या मनाची चौकशी माझ्याच विद्यार्थिनीनं करावी हे मला प्रशस्त वाटेना. मी धडाधड 'अजिबात नाही' म्हणत सुटलो. फक्त झोप, थकवा, भूक आणि वाचनात लक्ष या चार प्रश्नांना, अगदीच खोटं वाटू नये म्हणून, 'काही दिवस' म्हणालो.

"झालं, माष."

"गुण किती?" मी विचारलं. सवय.

"चार. सत्तावीसपैकी. पण काळजी करू नका, उद्यापरवा मी पुन्हा..." आणि फोन कटला. आमच्याकडे ढग आले की फोन जातोच.

चार! आणि वर 'काळजी करू नका'. हे वाक्य मी आयुष्यभर कुणाला म्हणत आलो ते मला चांगलं ठाऊक होतं.

आता अशा वेळी माणसानं गप्प बसावं. पण कुंपणाच्या भिंतीपलीकडे पैली उभा होता. पैली म्हणजे माझा शेजारी, सैन्यातल्या इस्पितळात बावीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेला. त्यामुळे गावात डॉक्टर नसला की पैली असतो, आणि डॉक्टर असला तरी पैली असतोच. रोज तो माझा पेपर फाटकावरून घेऊन, त्यावर इस्त्री फिरवून, भिंतीवर ठेवायचा. पेपर निर्जंतुक व्हायचा, पण मधोमध करपायचा. त्या आठवड्यात अग्रलेख मी वाचलेच नाहीत.

"चार?" पैलीनं मास्क खाली केला, पुन्हा वर केला. "माष, हे वाईट झालं."

"का?"

"मनाची परीक्षा आहे ही. सैन्यात असायची. नापास झालेल्याला बंदूक देत नाहीत."

"मला बंदूक कशाला हवी?"

"बंदूक नको, बायको हवी ना?" पैलीनं आवाज खाली आणला. "केंद्रातून पेशंट घरी सोडताना बघतात, घरचा माणूस सांभाळायला धड आहे का. चार गुणांच्या माणसाच्या ताब्यात कोण देईल सौदामिनीचेचीला? तिला ठेवून घेतील तिथंच. नाहीतर मोठ्या इस्पितळात."

मोठ्या इस्पितळात गेलेले आमच्या गल्लीतले दोघं परत आले नव्हते. पैली उगाच भिंतीवरचं शेवाळ खरवडत राहिला.

त्या संध्याकाळी मी समई लावली आणि पाटी घेऊन बसलो. गणिताच्या माणसानं घाबरायचं नसतं, मांडणी करायची असते. प्रश्न नऊ, गुण सत्तावीस, म्हणजे प्रश्नाला तीन. मी चार प्रश्नांना 'काही दिवस' म्हणालो आणि मला चार गुण पडले. पाच प्रश्नांना 'अजिबात नाही' म्हणालो, त्यांचे शून्य. म्हणजे 'काही दिवस'ला एक, 'निम्म्याहून जास्त'ला दोन, 'जवळजवळ रोज'ला तीन. ताळा करून पाहिला, बरोबर आला. खात्याला काय हवंय ते लख्ख दिसलं. ज्याला सगळं जाणवतं तो शुद्धीवरचा माणूस, आणि ज्याला काहीच जाणवत नाही तो दगड. दगडाच्या हवाली बायको कोण करील?

इतकी स्वच्छ मांडणी आणि इतकं चूक उत्तर मी चौथीच्या वर्गातही कधी पाहिलं नव्हतं. पण हे मला नंतर कळलं.

दोन दिवस मी अभ्यास केला. बुधवारी पैलीच्या बायकोनं भिंतीवरून बांगड्याचं कालवण पाठवलं, ते जेवतानाही मी प्रश्न घोकत होतो. रात्रभर कूस बदलत होतोच, तेव्हाही. गुरुवारी दुपारी तीनला बिन्सीचा फोन आला तेव्हा मी अंघोळ करून, धुतलेलं मुंडू नेसून, खुर्चीत ताठ बसलो होतो.

"उदास वाटतं का, माष?"

"जवळजवळ रोज."

"कशात मन रमत नाही असं?"

"जवळजवळ रोज."

"झोप?"

"रोज. म्हणजे रोज लागत नाही."

भुकेच्या प्रश्नाला मात्र माझी जीभ अडली. बांगड्याचं कालवण आठवलं. जिनं ते केलं तिचा अपमान कसा करायचा? मी म्हणालो, "निम्म्याहून जास्त दिवस." एक गुण त्या बांगड्यानं खाल्ला.

मग नववा प्रश्न. मरणाचे विचार मनात येतात का?

याला मला अभ्यास करावाच लागला नाही. आमच्याकडे पेपर आला की माणूस आधी कुठलं पान उघडतो? निधनवार्तांचं. पानभर फोटो, खाली वय, घराण्याचं नाव, मुलं कुठल्या देशात. कोण गेलं ते बघायचं, आपल्या वयाचं कोण ते बघायचं, मग चहा. माझे वडील असंच करत, सौदामिनीही असंच करते. आणि गेल्या वर्षभरात त्या एका पानाची तीन पानं झाली होती.

"मरणाचा विचार?" मी म्हणालो. "रोज. सकाळी सहा वाजता. चहाच्या आधी."

पलीकडे बिन्सीचा श्वास ऐकू आला.

"किती झाले?" मी विचारलं.

"माष, तुम्ही आत्ता कुठे बसलायत?"

"खुर्चीत. गुण किती?"

"सव्वीस. माष, फोन ठेवू नका हं. माझ्याशी बोलत राहा. जवळ कुणी आहे का?"

सव्वीस! एकच गुण गेला. मी पाटीवर मोठ्या आकड्यात लिहिलं. बिन्सी फारच मऊ आवाजात बोलत होती, विहिरीला कठडा आहे का वगैरे विचारत होती. मला वाटलं, पहिला नंबर आल्यावर बाई जरा जास्तच प्रेमानं बोलतात, तसं असेल. ढग आले आणि फोन कटला.

वीस मिनिटांत फाटकावर जीप थांबली.

आधी उतरली ती पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या पोशाखातली व्यक्ती. चालण्यावरून ओळखली, आमच्या वॉर्डाची मेंबर तंकम्मा. तिसरीत असल्यापासून ती अशीच हात हलवत चालते. मागे पोलीस शिपाई उतरला, सुगुणन. तोही माझाच विद्यार्थी. या गावात मला दरडावू शकेल असा माणूसच शिल्लक नाही, सगळ्यांचे कान मी धरलेत. माझ्या फजितीचं कारण तेच असावं. कुणी वेळीच दरडावलं नाही.

"माष, आम्ही आहोत ना," तंकम्मा दारातूनच म्हणाली.

"ते दिसतंय. पण का आहात?"

"तुम्ही फक्त बसा."

मी बसलो. ती विहिरीवर गेली. रहाटावरचा दोर सोडला, बादलीसकट बाहेर नेला. मग स्वयंपाकघरात शिरली. सुऱ्या घेतल्या, कोयता घेतला, नारळ खोवायची किसणी घेतली. केळीवर फवारायचं औषध घेतलं. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, आणि त्या "एक एक करून" पैलीनं द्याव्यात असं सांगितलं. जाताना समईशेजारची काडेपेटीही उचलली.

"तंकम्मा, काडेपेटी कशाला?"

"नियम आहे, माष."

"काही गैरसमज झालाय. मी गुण मिळवायला तसं म्हणालो."

"हो माष," ती हळूच म्हणाली. "वाटतं असं कधीकधी."

"मला काही वाटत नाही!"

तिनं सुगुणनकडे पाहिलं. सुगुणननं वहीत लिहिलं. मी काहीही बोललो की तो वहीत लिहायचा. शेवटी मी हसलो, तेही लिहिलं.

मग बिन्सीचा पुन्हा फोन आला. मी तिला माझी सगळी मांडणी समजावून सांगितली, ताळ्यासकट. ती म्हणाली, "माष, हे गुण नसतात हो. त्रास मोजतात. जितके जास्त तितकं वाईट. शून्य सगळ्यात चांगलं."

माझे कान तापले. "मग खोड ना तो आकडा. मी हजारो पेपर तपासलेत, चूक झाली की आडवी रेघ मारून सही करायची."

"खोडता येत नाही. वीसच्या वर गेलं की आपोआप सगळीकडे जातं. केंद्राच्या डॉक्टरांकडे गेलं, तालुक्याला गेलं. उद्या डॉक्टर स्वतः तुमच्याशी बोलतील, तेव्हाच बदलेल. आणि, माष, चेचींना रविवारी सोडायचं होतं, ते तूर्त थांबवलंय. घरी सांभाळणारं कुणी ठीक नाही म्हणून."

मी टेबलावरच्या चिंचोक्यांकडे पाहिलं. सात इकडे, तीन तिकडे. पैली म्हणाला होता तेच घडलं होतं, आणि ते मी स्वतः अभ्यास करून घडवलं होतं.

"एकच कर," मी म्हणालो. "सौदामिनीला यातलं काही कळू देऊ नकोस. तिची साखर वाढते."

"माझ्याकडून नाही कळणार, माष."

तिच्याकडून नाहीच कळलं. पैली तोवर भिंतीशेजारच्या फणसावर चढला होता, नीट दिसावं म्हणून. तिथूनच त्यानं वॉर्डाच्या ग्रुपवर आवाज टाकला, "आपल्या दामोदरन माषांसाठी सगळ्यांनी प्रार्थना करा. विहिरीचा दोर नेला." आमच्या गावात बातमी शेजारच्या घरी जायची असली तरी आखातातून वळसा घालून जाते. चार मिनिटांत माझा मुलगा दोह्याहून फोनवर रडत होता. त्यानं माझं काही ऐकून न घेता आईला फोन लावला.

सूर्य शाळेच्या मागे उतरला. मी सवयीनं समई पुसली, वात सरळ केली, तेल घातलं, आणि काडेपेटीकडे हात नेला. जागा रिकामी. आज चुकणार, एवढंच मनात आलं. देव समजून घेईल. देवाला तंकम्मा माहीत असेलच.

तेवढ्यात फोन वाजला. बिन्सी होती, पण तिचा मघाचा मऊ आवाज गेला होता.

"माष, चेची केंद्राच्या फाटकाशी बसल्यात. पिशवी घेऊन. इंजेक्शन घेत नाहीत, जेवत नाहीत, साखर तीनशेच्या वर गेलीय. मी त्यांना याच फोनवर जोडते. तुम्ही बोला."

"सौदामिनी?" मी म्हणालो.

"कोण बोलतंय?" तिला धाप लागली होती.

"मी बोलतोय. दुसरं कोण बोलणार?"

"मग दिवा का नाही लागला?"

"अगं, देवाचं राहू दे आता."

"देवाचं कोण बोलतंय!" ती ओरडली. मागे कुणीतरी तिला बसा, बसा म्हणत होतं. "माझी खाट खिडकीशी आहे, माष. लांबचा चष्मा लावला की शेतापलीकडे ठिपका दिसतो. ठिपका दिसला की मला कळतं, तुम्ही उठलात, चाललात, वाकलात, हात थरथरला नाही. फोनवर तुम्ही मेलात तरी 'मी ठीक आहे'च म्हणाल. ठिपका तुमच्यासारखं खोटं बोलत नाही. सहा दिवस रोज दिसला. आज नाही. आणि मुलगा सांगतो विहिरीचा दोर..."

सहा दिवस ती माझी हजेरी घेत होती. माझ्याच वर्गात बसून. आणि मी तिच्यावर रुसलो होतो.

"सौदामिनी, काडेपेटी तंकम्मानं नेली. तेवढंच झालंय. तू आत जा, इंजेक्शन घे."

"आधी दिवा."

मी फाटकाकडे धावलो. एकोणसत्तर वर्षांचा माणूस तापात जितका धावेल तितका. "तंकम्मा, काडेपेटी दे!"

तंकम्मा अजून पहाऱ्याला जीपशी उभी होती. "माष, यादीत चढवलीय. आरोग्य निरीक्षकांच्या सहीशिवाय..."

"तिची साखर तीनशेच्या वर आहे!"

तंकम्मानं निरीक्षकांना फोन लावला. ते दुसऱ्या फोनवर होते. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"माष, झेला!" फणसावरून पैली ओरडला आणि त्यानं स्वतःची काडेपेटी फेकली. सैन्यात त्याला बंदूक का दिली नसेल ते मला त्या क्षणी समजलं. काडेपेटी माझ्या डोक्यावरून गेली, विहिरीच्या कठड्यावर आपटली आणि आत पडली. आणि दोर जीपमध्ये.

"माष?" फोनमधून सौदामिनी. "काय आवाज झाला तो? विहिरीत काय पडलं?"

"पैलीची काडेपेटी! फक्त काडेपेटी!"

ती मोठ्यानं रडायला लागली.

तेव्हा सुगुणन पुढे आला. इकडे तिकडे पाहिलं, पँटच्या आतल्या खिशात हात घातला, आणि एक लायटर काढून फाटकाच्या खांबावर ठेवला. मग अर्धवट वळून उभा राहिला. चौथीत गृहपाठ विसरला की असाच उभा राहायचा.

"माष, माझा नाही हा," तो म्हणाला. "जप्तीतला आहे."

"सिगारेट ओढतोस?"

"सोडतोय, माष."

एरवी मी त्याला अर्धा तास समजावलं असतं. त्या दिवशी मी लायटर उचलला आणि ओट्यावर आलो. दोनदा नुसती ठिणगी. तिसऱ्यांदा ज्योत, पण वाऱ्यानं गेली. मागे फाटकाशी तंकम्मा, सुगुणन, झाडावर पैली, सगळे श्वास रोखून. चौथ्यांदा वात पेटली.

"दिसतंय का?" मी विचारलं.

फोनमध्ये बिन्सीचा श्वास आणि लांब कुठेतरी बेडूक.

"फाटकावरून नाही दिसत," सौदामिनी म्हणाली. "थांबा. आत जाते."

पावलं ऐकू आली. चौथी 'ब'च्या दाराचा करकर आवाज मला ओळखू आला. एकतीस वर्षं तेल घाला म्हणून सांगत होतो.

"दिसला," ती म्हणाली. मग दुसरा एक म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "दिसला का गं? बघू मला." ती शेजारच्या खाटेवरची आमिनुम्मा. "दिसला, उम्मा. तो बघा."

तिनं इंजेक्शन घेतलं. नर्सनं तसं सांगितलं तेव्हा मी ओट्याच्या पायरीवर खाली बसलो.

"माष," बिन्सी म्हणाली. ती अजून फोनवर होती. "चार खोटे होते. सव्वीस खोटे होते. आता उत्तर राहू दे. रीत दाखवा."

माझंच वाक्य होतं.

म्हणून मी सांगितलं. सौदामिनीला ऐकू जात होतं, तरी सांगितलं, किंवा म्हणूनच सांगितलं. झोप एकही दिवस लागली नाही, कारण शेजारची उशी रिकामी असली की घरात किती आवाज असतात ते कळतं. रोज दोन ताटं काढतो आणि एक परत ठेवतो, ते ठेवताना भूक जाते. निधनवार्तांचं पान उघडताना आधी फोटो हातानं झाकतो आणि नावं एक एक करून वाचतो, 'स'पासून सुरू होणारं नाव आलं की थांबतो. लक्ष कशात लागत नाही. उदास वाटतं का? वाटतं. निम्म्याहून जास्त दिवस.

"आणि नववा?" बिन्सीनं विचारलं. "खरं सांगा, माष. कुणी रागावणार नाही."

"अजिबात नाही," मी म्हणालो. "मला रविवारी बायको आणायचीय."

"अकरा," ती म्हणाली. "हे मी उद्या डॉक्टरांना सांगते. तेही विचारतील, त्यांनाही असंच सांगा. अकराचं काय करायचं ते आम्हाला येतं, माष. मी रोज फोन करीन."

"मलाही विचार," सौदामिनी मधेच म्हणाली. "मी तुला शून्य सांगितलं होतं मंगळवारी. सगळं शून्य."

"चेची! मला वाटलं वर्गात एक तरी खरं बोलणारं आहे."

तिला बारा पडले.

डॉक्टर शुक्रवारी बोलले, शांतपणे, वीस मिनिटं. सव्वीसच्या पुढे त्यांनी स्वतःच्या सहीनं अकरा लिहिलं. तालुक्याहून तो कागद परत यायला रविवार लागला, रविवारी सुट्टी म्हणून सोमवार, आणि सोमवारी सही करणारे दुसरीकडे गेले म्हणून मंगळवार. दोर, बादली, सुऱ्या, कोयता आणि किसणी परत आली. काडेपेटी यादीत होती पण पिशवीत नव्हती, म्हणून तंकम्मानं मला "एक काडेपेटी न मिळाल्याबद्दल तक्रार नाही" असं लिहून मागितलं. मी लिहून दिलं. तिच्या 'तक्रार'चा 'त' मीच शिकवलेला होता.

सौदामिनी मंगळवारी दुपारी आली. दोन किलो कमी झालेली, हातात तीच पिशवी. आल्या आल्या तिनं मिठाची बरणी बघितली, मांजराचं पोट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. टेबलावर पाटी तशीच होती. चार, सव्वीस, अकरा. तिनं खडू घेतला आणि खाली बारा लिहिले.

"पहिली मी," ती म्हणाली, आणि पाटी भिंतीला उलटी करून ठेवली.

तिन्हीसांज झाली. ती पडली होती, म्हणून समई मीच लावली. नवी काडेपेटी, एका काडीत. लावून आत वळलो, तर ती चष्मा शोधत बाहेर आली.

"तिथं नको. खांबाआड येतंय. जरा पुढे, पायरीवर."

"आता कशाला? तू तर घरी आहेस."

"आमिनुम्मा अजून तिथंच आहे. तिच्या घरचे चौघंही दुसऱ्या केंद्रात. तिला सांगून आलेय, ठिपका दिसेल म्हणून."

मी समई दोन्ही हातांनी उचलली, वाऱ्याकडे पाठ करून पायरीवर आणली. शेतापलीकडे चौथी 'ब'ची खिडकी काळोखी होती. मग तिथं बॅटरीचा उजेड एकदा लागला, विझला, पुन्हा लागला.

"हजर," सौदामिनी म्हणाली.